पाणचक्कीचे पीठ

एखादी जुनी गोष्ट आपण जपतो तेव्हा नेमके काय जपतो? प्रश्न वरवर सोपा वाटतो. दादीचे किंवा नानीचे जाते आजही कितीतरी घरांत आहे. कुठे ते परसात पालथे पडलेले असते, कुठे त्याच्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवलेली असते. शहरातल्या एखाद्या हॉटेलच्या दारात ते शोभेसाठीही मांडलेले दिसते. घरच्यांना विचारले तर ते अभिमानाने सांगतात, "हे आमच्या दादीचे जाते. भंगारात दिले नाही आम्ही." दिले नाही हे खरे आहे, आणि त्याबद्दल त्यांना शाबासकीही दिली पाहिजे. पण जाते दळण्यासाठी असते. दगड राहिला आणि दळण गेले, तर जपले काय आणि गमावले काय, याचा हिशेब कधीतरी करावाच लागतो.

घरापुरता हा हिशेब भावनेचा आहे. जात्यावर कुंडी ठेवली म्हणून कुणी उपाशी राहत नाही. पण हाच प्रश्न अल्लाहच्या नावाने दिलेल्या वस्तूबद्दल विचारला की त्याचे वजन वाढते. कारण तिथे वस्तू आपली नसते, फक्त सांभाळ आपला असतो.

मी ज्या वस्तूविषयी लिहीत आहे ती मराठवाड्यातल्या बहुतेक वाचकांनी पाहिलेली आहे. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, या शहरात खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून पाणचक्की आहे. शाळेची सहल निघाली की बीबी का मकबरा, पाणचक्की आणि वेरूळ हा क्रम ठरलेला. मुले हौदातले मासे बघतात, भिंतीवरून कोसळणारे पाणी बघतात, वडाच्या सावलीत डबे खातात आणि बसमध्ये बसतात. पाणचक्की म्हणजे पाण्यावर चालणारी चक्की, एवढे त्यांच्या वहीत लिहिले जाते.

ही चक्की ज्या आवारात आहे ते मुळात एका सूफीचे ठिकाण आहे. बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी सिलसिल्याचे बुजुर्ग. त्यांचे मूळ गाव बुखाऱ्याजवळचे गिजदुवान. त्यांचे वडीलधारे साथी बाबा शाह पलंगपोश १६९९ मध्ये वारले. ते गाजिउद्दीन खान फिरोज जंग यांच्या लष्कराबरोबर दख्खनभर फिरले. शाह मुसाफिर मात्र औरंगाबादेत स्थिरावले. औरंगजेबाच्या अखेरच्या काळात बुखारा-समरकंदकडून कितीतरी माणसे दख्खनमध्ये येत होती. कुणी नोकरी शोधणारा शिपाई, कुणी फकीर, कुणी हजला निघालेला. परक्या मुलखात ती या तकियात उतरत. शाह मुसाफिरांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी या दोन बुजुर्गांच्या आठवणी 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात नोंदवल्या. सायमन डिग्बी या अभ्यासकाने २००१ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. सूफींच्या आठवणींचा ग्रंथ असूनही त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ फार आहे. ज्याच्या नावातच 'मुसाफिर' आहे, त्याच्या दारी मुसाफिरांची रीघ लागावी हे साहजिकच म्हणायचे.

मुसाफिर आला की त्याला दोन गोष्टी लागतात, टेकायला जागा आणि खायला भाकरी. इथे मशीद, मदरसा, सराय, हौद आणि चक्की एकाच आवारात का, याचे उत्तर एवढेच आहे. सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्या शतकाचा पूर्वार्ध या काळात हा परिसर टप्प्याटप्प्याने उभा राहिला. तुर्कताज खान आणि जमील बेग खान या सरदारांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. चक्कीवर दळले जाणारे पीठ खानकाहीतल्या मुरिदांच्या, यात्रेकरूंच्या आणि शहरातल्या फौजेच्याही पोटात जाई.

यंत्र म्हणून चक्की साधी आहे, पण तिच्यापर्यंत पाणी आणणे मुळीच साधे नव्हते. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराच्या बाजूने काही मैलांवरून जमिनीखालच्या नहरीने पाणी आणले गेले. खापरी नळ, त्यांच्याभोवती चुन्याचे बांधकाम आणि जमिनीचा उतार, एवढ्यावर ते पाणी वाहत येते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात अशीच नहर आणली होती. ती विद्या इथल्या कारागिरांच्या हातात होतीच. आवारात आल्यावर पाणी आपल्याच दाबाने एका उंच बांधीव खांबातून वर चढते आणि तिथून खाली पडते. पडणाऱ्या पाण्याचा झोत पात्यांच्या चाकावर बसतो, चाक फिरते आणि त्याच्या आसावर बसवलेला वरचा दगड फिरतो. खालचा दगड स्थिर असतो. ना बैल लागतो, ना माणसाचा हात. उरलेले पाणी हौदात जाते. हौदाच्या तळाखाली एक मोठे दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते उन्हाळ्यातही थंड राहते. म्हणजे पाण्याच्या एकाच धारेकडून दळण, वुजू आणि गारवा अशी तीन कामे करून घेतली आहेत.

या सगळ्या खटाटोपामागे कुठली जाणीव होती? एका सूफीला चक्कीची काय गरज? पीठ तर हातानेही दळता येते. येते, पण कुणाच्या हाताने? आपल्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा बाईच्या हाताने असेच आहे. हजरत फातिमा (रजि.) यांचा प्रसंग आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतो. चक्की ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. घरकामाला एखादा माणूस मिळावा म्हणून त्या पैगंबर साहेबांकडे (स.) गेल्या. माणूस मिळाला नाही. झोपण्यापूर्वी पढायची तसबीह मिळाली. तीच आपण आजही तसबीह-ए-फातिमा म्हणून पढतो. या प्रसंगातून सब्र शिकावा असे आपण मुलींना सांगतो, आणि तसे सांगणे बरोबरच आहे. पण त्यातले घट्टेही खरे आहेत. दीनच्या सर्वांत आदरणीय स्त्रीच्या तळहातावर जात्याचा खुंटा उमटला होता, ही गोष्ट हदीसने जपून ठेवली आहे. ती जपली गेली याचा अर्थ दळणाचे कष्ट नजरेआड करायचे नसतात.

दोन हजार वर्षांपूर्वी थेसलोनिकेच्या अँटिपेटर या ग्रीक कवीनेही पाणचक्कीवर कविता लिहिली. त्याला यंत्राच्या चातुर्यापेक्षा दळणाऱ्या बायकांना पहाटेची झोप मिळणार याचे अप्रूप अधिक होते. आमच्या घरातही दादी पहाटे उठून जात्यावर बसायची. ओव्यांचे कौतुक पुस्तकात वाचताना छान वाटते, पण मरेपर्यंत तिचा उजवा खांदा दुखत होता. शेकडो पाहुण्यांच्या भाकरीचे दळण हाताने करायचे झाले असते, तर खानकाहीच्या मागच्या अंगणात किती बायका, किती दासी पहाटेपासून जात्याला जुंपल्या गेल्या असत्या? पाण्याला कामाला लावून हे ओझे उतरवले गेले. म्हणून पाणचक्की मला केवळ वास्तुकलेचा नमुना वाटत नाही. तिथे भुकेल्याला भाकरी मिळत होती आणि ती भाकरी दुसऱ्या कुणाच्या घट्ट्यांवर उभी नव्हती.

आता आजची गोष्ट. आज पाणचक्की यात्रेकरूंचे पीठ दळत नाही. पाणी असेल तेव्हा ती येणाऱ्यांना दाखवण्यासाठी फिरते.

आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती तेव्हा दगड फिरत होता. सहावीतली एक मुलगी कठड्याला रेलून बराच वेळ बघत होती. तिने विचारले, "टीचर, इसका आटा किसकू मिलता?" मी काही बोलायच्या आत मागच्या मुलाने उत्तर दिले, "किसीकू नई. खाली दिखाने का है." त्यावर ती म्हणाली, "तो फिर फिरती कायकू?"

ही मुलगी दर आठवड्याला डोक्यावर डबा घेऊन गिरणीत जाते. रेशनचे गहू, त्यात कधी थोडी ज्वारी. वीज गेली की तिला गिरणीत तासभर बसून राहावे लागते आणि शाळेत यायला उशीर होतो. गहू फुकट मिळाले तरी दळणाला पैसे लागतात, हे तिला पक्के ठाऊक आहे. चक्की म्हटली की पीठ, आणि पीठ म्हटले की ते कुणाच्या तरी डब्यात पडणार, हे तिच्या जगण्यातले साधे गणित आहे. म्हणून दगड फिरताना पाहून तिच्या मनात पहिला प्रश्न डब्याचा आला. आम्ही शिकलेली माणसे सन किती, बांधली कुणी, नहर किती लांब, असे प्रश्न विचारतो. तिचा प्रश्न वक्फचा होता.

वक्फ म्हणजे काय, हे समजायला हजरत उमर (रजि.) यांच्या जमिनीचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांना खैबरमध्ये जमीन मिळाली होती. तेवढी चांगली मालमत्ता त्यांच्याकडे आधी कधीच नव्हती. तिचे काय करावे म्हणून त्यांनी पैगंबर साहेबांना (स.) विचारले. मिळालेला सल्ला असा होता, की मूळ राखून ठेवावे आणि त्याचे फळ सदका करावे. मग ती जमीन कधी विकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, असे ठरले. तिचे उत्पन्न गरिबांना, नातेवाइकांना, गुलामांच्या सुटकेसाठी, मुसाफिरांना आणि पाहुण्यांना. जो तिची देखरेख करील त्यालाही रीतसर खाण्यापुरते घेण्याची मुभा मिळाली, मात्र त्यातून स्वतःसाठी संपत्ती साठवायची नाही.

यात दोन शब्द आहेत, मूळ आणि फळ. अरबीत अस्ल आणि समर. दोन्ही मिळून वक्फ होतो. मूळ विकून खाल्ले तर वक्फ मोडला, हे आपल्याला लगेच कळते. त्याविरुद्ध आपण बोलतो, अर्ज करतो, कोर्टात जातो. पण मूळ शाबूत आहे आणि फळ कुणालाच मिळत नाही, अशा वेळी वक्फचे काय झाले? तेव्हा आपल्याला काही मोडल्यासारखे वाटत नाही. भिंती उभ्या असतात, फलक रंगवलेला असतो, दप्तरात नोंद असते. मोडलेले दिसते आणि आटलेले दिसत नाही, एवढाच फरक.

महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय याच पाणचक्कीच्या आवारात आहे. राज्यभरच्या मशिदी, दर्गे, कब्रस्ताने, इनामी जमिनी यांचे कागद जिथे ठेवले जातात, त्याच्या शेजारी ही चक्की आहे. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि देशभर वाद पेटला. मंडळावर कोण असावे, नोंदणी कशी व्हावी, कागद नसलेल्या जुन्या वक्फचे काय करावे, हे मुद्दे न्यायालयापर्यंत गेले. ते मुद्दे महत्त्वाचेच आहेत. मूळ राहिले नाही तर फळ कुठून येणार? पण या सगळ्या चर्चेत एकरांचे आकडे जितके ऐकू आले, तितका त्या एकरांवर जेवणाऱ्यांचा, शिकणाऱ्यांचा, औषध घेणाऱ्यांचा आकडा ऐकू आला नाही. विरोध करणाऱ्यांनी तो विचारला नाही आणि बाजू मांडणाऱ्यांनीही तो पुढे केला नाही. सहावीतल्या मुलीचा प्रश्न मात्र नेमका तोच होता.

तिला उत्तरे देता येतील अशी दोन-तीन आहेत. ती प्रामाणिकपणे तपासून पाहिली पाहिजेत.

पहिले उत्तर व्यवहाराचे. आता विजेच्या गिरण्या आहेत, पाकिटातले पीठ आहे. तीन शतकांपूर्वीच्या चक्कीने दळून शहराची भूक भागणार आहे का? नाही भागणार. या उत्तरात तथ्य आहे. पण जगात अशा चक्क्या सगळ्याच बंद पडलेल्या नाहीत. उत्तराखंड आणि हिमाचलच्या डोंगरांत अशाच आडव्या चाकाच्या पाणचक्क्या आहेत, त्यांना घराट म्हणतात. पुष्कळ घराट डिझेलच्या आणि विजेच्या गिरण्यांपुढे बंद पडले, पण काही आजही ओढ्याच्या पाण्यावर दळतात. घराटवाला दळणावळ बहुधा पिठाच्या वाट्यातून घेतो. डेहराडूनचे डॉ. अनिल प्रकाश जोशी आणि त्यांची हेस्को ही संस्था यांनी घराटांची चाके सुधारून ती पुन्हा उपयोगात आणण्याचे काम केले. काही ठिकाणी त्याच चाकावर थोडी वीजही तयार होते. दगडाखाली हळू दळलेले पीठ फारसे तापत नाही, आणि कोंडा व अंकुर पिठातच राहतात. मोठ्या कारखान्यात पीठ टिकावे म्हणून अंकुर वेगळा काढतात, कारण त्यातल्या तेलाने पीठ लवकर खवट होते. म्हणजे घराटाचे पीठ लवकर खावे लागते, पण ते पूर्ण धान्य असते. या घराटांना कुणी स्मारक म्हणून जपले नाही. दळण येत राहिले म्हणून ते राहिले. वापर हीच त्यांची देखभाल.

दुसरे उत्तर वारशाचे. प्रत्येक गोष्टीकडून उपयोग का मागायचा? ताजमहालात कोण राहते? चक्की फिरते, पाणी पडते, पाहणाऱ्याच्या मनात पूर्वजांच्या बुद्धीविषयी आदर उभा राहतो, हेही एक फळच नाही का? या उत्तराचा मी आदर करते. फिरणारी चक्की आणि बंद पडलेली चक्की यांत मोठा फरक आहे. नहर वाहती ठेवणे, खांब दुरुस्त ठेवणे, चाक फिरते ठेवणे हे कष्टाचे काम आहे. जे फिरते आहे ते उद्या दळूही शकेल. जे थांबले आहे त्याला आधी फिरवावे लागेल. पण ताजमहाल ही कबर आहे, तिने कुणाला भाकरीचे वचन दिलेले नव्हते. खानकाहीच्या चक्कीने दिले होते. देणाऱ्याने ज्या कारणासाठी दिले ती अट पाळणे फिकहात फार मोठे मानले आहे. वाकिफची अट ही शरीअतच्या वचनासारखी समजावी, असे फकीह म्हणतात. मग अट भाकरीची असताना देखावा कसा पुरेल?

तिसरे उत्तर फिकहच्याच पुस्तकात आहे आणि ते मला सर्वांत पटते. एखाद्या वक्फचा मूळ उपयोग खरोखरच संपला, तर हनफी फिकहाने इस्तिबदालची वाट ठेवली आहे. काजीच्या परवानगीने, कडक अटी पाळून, त्या मालमत्तेच्या जागी दुसरी घेता येते, पण हेतू तोच राहतो. यामागचा विचार मोलाचा आहे. रूप बदलू शकते, नीयत बदलू शकत नाही. चक्कीने आज पीठच दिले पाहिजे असा हट्ट नको. पण तिच्या नावाने मुसाफिराला, विद्यार्थ्याला, भुकेल्याला काहीतरी पोचले पाहिजे, हा आग्रह मात्र सोडता येत नाही.

या कसोटीवर पाहिले, तर पाणचक्कीचे फळ पूर्ण आटलेले नाही हेही मान्य केले पाहिजे. हौदाखालच्या त्या थंड दालनात बसायला मुसाफिराला आजही गारवा आहे. वडाखाली सावली आहे. आमच्या मुलींनी तिथेच डबे उघडले. खेड्यातून पहाटे निघालेल्या, बसमध्ये उलट्या करून दमलेल्या मुली त्या सावलीत तासाभरात ताज्या झाल्या. तीन शतकांपूर्वी बुखाऱ्याकडून आलेल्या शिपायाला जे मिळाले, त्यातले अर्धे आमच्या मुलींना मिळाले. टेकायला जागा मिळाली, भाकरी मात्र घरची होती. त्या मुलीला मी शाळेत परतल्यावर हेच सांगितले. ती म्हणाली, "मतलब आधी चालू है." मला तिचे शब्द मोजके आणि बरोबर वाटले.

आता उरलेल्या अर्ध्याबद्दल. दादी आम्हाला रिकामे जाते फिरवू देत नसे. आम्ही पोरी खुंटा धरून खेळायला लागलो की ओरडायची. तेव्हा वाटायचे, अपशकुनाची समजूत असेल. पण त्यामागे दगडाचे शहाणपण आहे. दोन दगडांमध्ये धान्याचा घास असतो तोवर ते धान्य दळतात. घास नसला की ते एकमेकांना दळतात. टाकी लावून काढलेले खाच-खळगे झिजतात, दगडाची कच पिठात येते, आणि पुढे खरे दळण आले तरी जाते नीट दळत नाही. पाणचक्कीवाले, घराटवाले, जगातले सगळे दगडाचे गिरणीवाले हे जाणतात. चक्कीला धान्याची गरज असते ती केवळ खाणाऱ्यासाठी नाही, चक्कीसाठीसुद्धा.

संस्थांचे असेच होते. एखादी अंजुमन शाळेसाठी स्थापन झालेली असते. शाळेत मुले कमी होतात, पण अंजुमन चालू राहते. आता तिच्या बैठकीत मुलांचा विषय फारसा नसतो. अध्यक्ष कोण, कोषाध्यक्ष कोण, मागच्या वर्षी कुणी कुणाला मतदान केले, एवढेच उरते. दगड दगडावर घासू लागतो. ज्या संस्थेच्या भांडणांची चर्चा गावात जास्त असते, तिथे बहुधा घास पडायचा थांबलेला असतो. माणसे वाईट असतात म्हणून दर वेळी भांडणे होत नाहीत. कामच उरलेले नसते म्हणूनही होतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि हा लेख मराठीत लिहिते आहे. माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांचे आयुष्य असेच दोन भाषांत विभागलेले आहे. उर्दू शाळा हाही आमच्या समाजाने पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेला एक वक्फच आहे, कागदोपत्री तो काहीही असो. तिच्याबद्दल बोलताना आपण नेहमी मुळाचे बोलतो. शाळा बंद होऊ नये, तुकडी तुटू नये, पद कमी होऊ नये. हे सगळे बोललेच पाहिजे, नाहीतर उद्या मूळच राहणार नाही. पण त्या शाळेतून निघालेली मुलगी तालुक्याच्या कॉलेजात मराठीतला अर्ज भरू शकते का, गणिताच्या तासाला हात वर करते का, आठवीनंतर तिचे शिक्षण थांबते की पुढे जाते, हे फळाचे प्रश्न आहेत. शाळेच्या पटावर नावे आहेत आणि घंटा वेळेवर वाजते, एवढ्याने चक्की फिरते आहे हे कळते. पीठ पडते की नाही ते मुलीला विचारावे लागते.

आमच्या शाळेत दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजते. खिचडीवाली खाला मोजून तांदूळ घालते, आणि ताटे मोजते. किती मुले जेवली याचा आकडा रोज रजिस्टरमध्ये जातो. कधीकधी हे रजिस्टर भरण्याचा आम्हा शिक्षकांना कंटाळा येतो. पण विचार केला तर आपल्या सार्वजनिक जीवनातले हे थोड्या प्रामाणिक रजिस्टरांपैकी एक आहे. इमारत किती जुनी, अध्यक्ष कोण, फलकावर नाव कुणाचे, यासाठी त्यात रकाना नाही. आज किती जणांच्या ताटात पडले, एवढेच त्यात लिहायचे असते.

असे एक रजिस्टर आपल्या प्रत्येक दर्ग्यात, अंजुमनमध्ये, वाचनालयात, शिष्यवृत्तीच्या ट्रस्टमध्ये असावे. उरुसाच्या हिशेबात मंडप आणि रोषणाईच्या खाली एक ओळ जेवलेल्या परक्या माणसांची असावी. वाचनालयाच्या अहवालात किती पुस्तके आहेत त्याच्या पुढे किती वाचली गेली हे यावे. मुतवल्लीने रीतसर खावे, त्याला ना नाही. हजरत उमर यांनीही ती मुभा ठेवली होती. पण त्याच्या वाट्याच्या रकान्याशेजारी मुसाफिराच्या वाट्याचा रकाना असला म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांवर लक्ष ठेवतील. आणि पाणचक्कीच्या बाबतीत मला एक लहानसे स्वप्न पडते. वर्षातून एक दिवस तरी त्या दगडांत खरे गहू वैरावेत. पायलीभर का होईना, पीठ पडावे. त्याच्या भाकऱ्या भाजाव्यात आणि त्या दिवशी आवारात जो येईल त्याला, त्याचे नाव-गाव-जात-धर्म न विचारता, एक तुकडा द्यावा. त्याने शहराची भूक भागणार नाही. पण दगडाला त्याचे काम आठवेल, आणि पाहायला आलेल्या लेकरांना चक्की कशासाठी असते ते कळेल.

नक्शबंदी सिलसिल्यात 'खिलवत दर अंजुमन' असे एक तत्त्व आहे. माणसांच्या गर्दीत राहून मन अल्लाहपाशी ठेवायचे. हे तत्त्व घालून देणारे ख्वाजा अब्दुल खालिक हेही त्याच गिजदुवानचे, जिथून शाह मुसाफिर निघाले. जंगलात जाऊन बसणाऱ्याला चक्की लागत नाही. गर्दीत राहायचे ज्याने ठरवले, त्याला गर्दीची भूक दिसते आणि मग मशिदीशेजारी चक्की बांधावी लागते. त्या बुजुर्गांनी इबादत आणि पीठ एकाच पाण्यावर चालवले. आपल्याकडे ते पाणी अजून आहे. म्हणून आपल्या ताब्यात जे जे राखून ठेवले आहे, मग ती जमीन असो, शाळा असो की भाषा, त्याच्यापुढे उभे राहून सहावीतल्या मुलीचा प्रश्न अधूनमधून मोठ्याने विचारावा: इसका आटा किसकू मिलता? उत्तर देता आले तर अल्हम्दुलिल्लाह. देता आले नाही तर दगड अजून शाबूत आहेत, आणि धान्य आणून वैरायला आपले हातही आहेत.